आबांच्या गळ्यात टाकलेलं उपरणं

माझे सासरे एकेकाळी आमदार होते. एकच टर्म. त्यालाही आता तीस वर्षांच्या वर होऊन गेली. पण आमच्या कोल्हापुरात एकदा आमदार झालेला माणूस शेवटपर्यंत आमदारच राहतो. शिवाजी पेठेत रिक्षावाल्याला अजूनही "आमदारांच्या घराजवळ सोडा" एवढं सांगितलं की पुरतं, गल्लीचं नाव लागत नाही. घरात आणि मतदारसंघात सगळे त्यांना आबा म्हणत आले. मीही आबाच म्हणते.

मी त्यांची सून. एका हायस्कूलमध्ये तीस वर्षं भूगोल शिकवला आणि आता घरी असते. आबांचं चरित्र लिहायला मी बसलेली नाही. गेल्या विधानसभेच्या निवडणुकीत या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाचं काय केलं गेलं, तेवढंच मला लिहून ठेवायचं आहे. ज्यांनी केलं ते कधीच विसरून गेले आणि आबांना ते आठवत नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आबा पहिली निवडणूक हरलेले होते आणि दुसरीच्या तयारीत होते. माझ्या लग्नाला आलेली निम्मी माणसं पाहुणे नव्हती, मतदार होती. आधी गावच्या दूध संस्थेचे सचिव, मग सरपंच, मग पंचायत समिती, अशी त्यांची चढण. मतदारसंघ जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला. वाड्या लांब लांब, रस्ते नाहीत, पावसाळ्यात ओढे चढले की चार-चार दिवस पलीकडच्या माणसाचं तोंड दिसायचं नाही. त्या भागात आबा जीपमधून कमी आणि पायी जास्त फिरले. ते निवडून आले त्या दिवशी घरात इतका गुलाल सांडला की महिनाभर फरशीचा रंग निघाला नाही. सासूबाई आणि मी सोडा टाकून घासत होतो आणि सासूबाई एकट्याच हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी नंतर फारसं पाहिलं नाही.

त्या पाच वर्षांत सकाळी सहालाच आमच्याकडं माणसं बसलेली असायची. कुणाचा बदलीचा अर्ज, कुणाचं रेशन कार्ड, कुणाला दवाखान्यात ओळखीची चिठ्ठी हवी, कुणाच्या वस्तीवर विजेचा खांब नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून शाळेला जायच्या आधी तासभर आबांची पत्रं मी लिहायची. एकदा एका अर्जावर मी सहज बोलून गेले, की हा माणूस विरोधी गटाचा आहे, सरपंचकीला त्यानं आपल्याविरुद्ध काम केलं होतं. आबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"सूनबाई, अर्जात पाण्याचं लिवलंय का गटाचं?"

पुन्हा मी तसं कधी बोलले नाही.

ते देवमाणूस होते असं मात्र मी म्हणणार नाही. सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा ते अधिवेशनासाठी नागपूरला होते आणि निरोप मिळूनही दोन दिवस उशिरा आले. रागावले की समोरच्याचं ऐकून घ्यायचे नाहीत. आणि आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनी राजकारणात पाऊल टाकू दिलं नाही. घरातून एक पुरे, असं त्यांचं म्हणणं. नवरा एका सहकारी संस्थेत नोकरीला लागला, तिथूनच निवृत्त झाला, आणि सगळा जन्म आमदाराचा मुलगा म्हणून ओळखला गेला. ही गोष्ट त्याच्या मनात किती खोल रुतली होती हे मला फार उशिरा कळलं.

तिसरी निवडणूक आबा थोडक्यात हरले. चौथीला पुन्हा उभं राहायचं ठरलं. तेव्हा काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आबांचा एक कार्यकर्ता होता. वयानं माझ्या नवऱ्याएवढा. कॉलेजसाठी गावाकडून कोल्हापूरला आला तो आमच्याकडंच राहिला, सात वर्षं. बोलायला हुशार, कामाला वाघ. सासूबाई त्याचं ताट आपल्या मुलाच्या ताटाशेजारी मांडायच्या. आबांची भाषणं त्याला पाठ होती, हात कुठं उचलायचा इथपर्यंत. चौथ्या निवडणुकीत पक्षाचा एबी फॉर्म मुंबईहून आणायचा होता. हा आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्षानं लिहून दिलेला तो कागद. मुदतीत पोचला नाही तर पक्षाचं चिन्ह मिळत नाही. आबांनी तो आणायला त्यालाच पाठवलं. दुसऱ्या कुणावर त्यांचा एवढा विश्वास नव्हता.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळे तहसील कचेरीच्या आवारात थांबलो होतो. सासूबाईंनी ओवाळायचं ताट आणलं होतं. आबांनी आपला अर्ज आधीच दिलेला, फक्त तो कागद जोडायचा राहिला होता. मुदत तीनपर्यंत. पावणेतीनला त्याची गाडी आली. तो उतरला आणि आमच्याकडं न बघता सरळ आत गेला. आम्हाला वाटलं, वेळ कमी आहे म्हणून घाईत आहे. दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याच्या गळ्यात हार होता, आणि हार घालणारी माणसं कचेरीच्या मागच्या बाजूला आधीपासूनच उभी होती. एबी फॉर्मवर नाव त्याचं होतं.

पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. आबांच्या अर्जावर एकाचीच सही होती. आवारात त्यांच्यासाठी शेकडो माणसं आली होती, पण त्यातल्या नऊ जणांच्या सह्या घ्यायला पाच मिनिटं पुरली नाहीत. छाननीत अर्ज बाद झाला. तो माणूस निवडून आला, आणि मधली एक टर्म सोडली तर पुढं तोच येत राहिला.

आबांनी त्याच्याविरुद्ध जाहीरपणे एक शब्द काढला नाही. पक्षही सोडला नाही. लोक घरी येऊन त्यांना भडकवायचे आणि आबा आत चहा सांगायचे. मला त्याचा तेव्हाही राग यायचा. एकदा मी सरळ विचारलं, की तुम्हाला संताप येत नाही का.

"येतोय की. पर त्यो मीच घडवलाय न्हवं."

त्या उत्तरानं माझं समाधान झालं नाही. अजूनही होत नाही.

आबांचं विसरणं पाचेक वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी नावं गेली, मग माणसं. सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली, तरी ते त्यांना हाका मारायचे. मला कधी सूनबाई म्हणायचे, कधी "बाई, तुमचं काम काय हाय?" असं विचारायचे. मी अर्ज घेऊन आले आहे असं त्यांना वाटायचं. मी म्हणायचे, पाण्याचं काम आहे. ते मान हलवून कागद ठेवून जायला सांगायचे. डॉक्टर म्हणाले होते, जुनं राहतं, नवं राहत नाही. त्यांच्यात जुनं म्हणजे निवडणूक तेवढी राहिली होती. रोज सकाळी दाढी, आंघोळ, धोतर, पांढरा सदरा, टोपी, आणि मग दारातल्या खुर्चीवर बसून एकच प्रश्न: "गाडी आली न्हाय व्हय अजून?"

विधानसभेची निवडणूक लागली आणि गाडी खरंच आली.

तो माणूस पुन्हा उभा होता. आता वय साठीच्या पुढं, आणि पक्ष तिसरा. या खेपेला समोरचा उमेदवार जोरात होता, आणि डोंगरातल्या ज्या गावांत आबांना मानणारी जुनी माणसं आहेत ती गावं डळमळत होती. म्हणून त्याला आबा आठवले. सासूबाईंच्या दिवसांनाही जो फिरकला नव्हता तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्या घरात शिरला आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबांनी त्याला ओळखलं नाही. पावणं कुठल्या गावचं, म्हणून विचारलं. बरोबरचे चौघे हसले. फोटो निघाले. मी आतून चहा पाठवला नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नसेल, नवऱ्याच्या आलं.

चार दिवसांनी नवरा मला म्हणाला, की ते लोक आबांना नृसिंहवाडीला नेऊन आणतो म्हणतायत. एसी गाडी आहे, दर्शन करून दुपारी परत. आबांची वाडीच्या दत्तावर श्रद्धा, चालतं-फिरतं असताना दर पौर्णिमेला जायचे. त्या माणसाच्या गाडीतून मला काहीही नको होतं. पण आबा दीड वर्षं गल्लीबाहेर पडले नव्हते आणि देवाच्या नावावर नाही म्हणणं मला जमलं नाही. शिवाय नवरा बरोबर जाणार होता. मी पिशवी भरली. बाराची गोळी, पाण्याची बाटली, टॉवेल, एक जादा धोतर. नवऱ्याला बजावून सांगितलं, की दर तासाला त्यांना विचारून बाथरूमला न्या, ते आपण होऊन सांगत नाहीत. गाडी दाराशी लागल्यावर आबांचा चेहरा असा काही उजळला की मलाच वाटलं, बरं केलं आपण हो म्हणालो.

दीडच्या सुमाराला शेजारच्या वहिनी त्यांचा मोबाईल घेऊन आल्या. त्यावर एक प्रचारसभा थेट दिसत होती. व्यासपीठावर पहिल्या रांगेत, उमेदवाराच्या उजव्या हाताला, आबा बसले होते. गळ्यात पक्षाचं उपरणं. सभा त्यांच्या जुन्या मतदारसंघात होती. वाडी कोल्हापूरच्या पूर्वेला आणि हे पश्चिमेला. भूगोलाच्या बाईला फसवायचं तर निदान दिशा तरी तीच ठेवायची होती.

तो माणूस भाषण करत होता. आपल्या राजकीय बापाला आज तुमच्यासमोर घेऊन आलोय, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवलाय, असं सांगत होता. आवाज भरून आल्यासारखा केला होता. मग माईक आबांच्या तोंडापुढं धरला गेला. आबा उठले. जुन्या सवयीनं एक हात टेबलावर टेकून नीट उभे राहिले. "माझ्या माता-भगिनींनो" एवढं अगदी स्वच्छ म्हणाले. पुढं ओढ्यावरच्या पुलाबद्दल बोलायला लागले, की ह्या अधिवेशनात पुलाचं मंजूर करून आणतो. तो पूल त्यांनीच मंजूर करून आणला होता, आणि त्याच पुलावरून ही माणसं सभेला आली असणार. टाळ्या पडल्या. टाळ्यांत हसणंही होतं, ते मोबाईलमधून मला नीट ऐकू आलं. मग कुणीतरी माईक काढून घेतला आणि आबांना खांद्याला धरून खाली बसवलं.

गाडी परत यायला संध्याकाळचे पाच वाजले. आबा उतरले तेव्हा त्यांचं धोतर मागून भिजलेलं होतं, एकदा वाळून पुन्हा भिजलेलं. पिशवी गाडीत जशीच्या तशी, चेनसुद्धा उघडलेली नाही. गोळी पुडीत. उपरणं मात्र नीट गळ्यात होतं, पिनेनं सदऱ्याला लावलेलं, म्हणजे फोटोत घसरायला नको.

मी त्यांना आंघोळ घातली. मांड्या लाल झाल्या होत्या, त्यांना पावडर लावली. आणि आबा खुशीत होते. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. "गर्दी चांगली हुती. ह्या टायमाला निगतोय आपण," असं मला सांगत होते. त्यांचा आनंद खरा होता. ज्यांनी त्यांना फसवलं त्यांनीच तो दिला होता आणि मी तो काढून घेऊ शकत नव्हते. मी म्हटलं, होय आबा, गर्दी चांगली होती.

मग बाहेरच्या खोलीत येऊन मी नवऱ्याला विचारलं, की वाडीचं खोटं त्यांनी तुम्हाला सांगितलं की तुम्ही मला? मग हळूहळू निघालं. महापालिकेची निवडणूक येणार होती आणि आमच्या प्रभागातून नवऱ्याला उमेदवारी देतो असा त्या माणसानं शब्द दिला होता. वाडीची युक्ती नवऱ्याचीच होती. सभेला नेतो म्हटलं असतं तर मी सोडलं नसतं, हे त्याला माहीत होतं.

"जन्मभर मी त्यांचा मुलगाच राहिलो," तो म्हणाला. "त्यांनी मला काय दिलं? आता शेवटी त्यांच्यामुळं मला काही मिळत असलं तर कुणाचं काय बिघडलं?"

पहिलं वाक्य खरं होतं. मी म्हटलं, "मिळवायचं ते मिळवा. पण बापाला दिवसभर ओल्या धोतरात बसवून मिळवायचं नाही." त्यानं मान खाली घातली. धोतराचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं असं म्हणाला. मला ते खरं वाटतं, आणि म्हणूनच माफ करवत नाही. तो व्यासपीठावर मागच्या रांगेत बसला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावर बसला होता. त्याला समोरची गर्दी दिसत होती, पुढच्या खुर्चीतला बाप दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. तिसऱ्या दिवशी समोरच्या उमेदवाराची माणसं दाराशी आली, हातात दुसऱ्या रंगाचं उपरणं. आबा एका बाजूचे कसे, आबा सगळ्यांचे, असं त्यांचं म्हणणं. मी दारात उभी राहून नाही म्हणत होते, तेवढ्यात एकानं माझ्या खांद्यावरून हात पुढं करून ते उपरणं खुर्चीवर बसलेल्या आबांच्या गळ्यात टाकलं आणि दुसऱ्यानं फोटो काढला. आबांनी सवयीनं हात जोडले. दोन तासांत तो फोटो जिल्हाभर फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते शेजारच्या वहिनी मला दाखवत नव्हत्या, मी मागून घेऊन वाचलं. म्हातारा दोन दिवसांत दोन पक्ष फिरला, लिहिलं होतं. या वयातही खुर्ची सुटत नाही, लिहिलं होतं. ज्या माणसानं हातातली उमेदवारी चोरीला गेल्यावरही पक्ष बदलला नाही, त्याला कालची पोरं दलबदलू म्हणत होती. आणि हे सगळं पक्ष बदलण्यात ज्याची हयात गेली त्याच्या प्रचारापासून सुरू झालं होतं.

मी दारातली खुर्ची आत घेतली आणि दार लावून ठेवायला लागले. चूक दुसऱ्यांची आणि कोंडले गेले आबा. दिवसातून कितीतरी वेळा ते दारापर्यंत यायचे, कडी चाचपायचे आणि परत जायचे. ती शिक्षा मीच त्यांना दिली, हे मला मान्य आहे.

मतदानाच्या आधी आठेक दिवस आमच्याकडं मतदान पथक आलं. पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांना आता घरी मत देता येतं, तो अर्ज नवऱ्यानं आबांसाठी आधीच भरून दिला होता. एक मतदान अधिकारी बाई, त्यांचे दोन सहकारी, एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा. उमेदवारांचे प्रतिनिधीही येऊ शकतात. त्या माणसाचा प्रतिनिधी वेळेच्या आधीच येऊन बाहेरच्या खोलीत बसला होता. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला गेला. अधिकारी बाईंनी विचारलं, की आजोबांना स्वतः खूण करता येईल का, की सोबती लागेल. दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तर घरचं कुणी त्यांच्या वतीनं खूण करू शकतं.

नवरा इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होता. तो पुढं झाला. प्रतिनिधीनं त्याच्याकडं पाहून मान हलवली.

"सोबती नको," मी म्हटलं. "त्यांना डोळ्यांनी दिसतं आणि हातानं लिहिता येतं. तुम्ही त्यांनाच विचारा."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं ती नजर मी विसरलेले नाही. पण अधिकारी बाई चांगल्या होत्या. त्या खाली वाकून आबांना विचारायला गेल्या. आबा त्यांच्याकडं बघत नव्हते. ते पोलीस बघत होते, पेटी बघत होते, शाईचं पॅड बघत होते. घरात काय चाललं आहे हे त्यांना कित्येक महिन्यांत कळलं नव्हतं, हे मात्र कळलं. ते ताठ बसले. टोपी सारखी केली. मदत नको म्हणाले. आधी एका कागदावर सही करायची होती. आबांनी पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं स्वल्पविराम देऊन 'आमदार' लिहिलं. अधिकारी बाईंनी ते वाचलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि कागद फाईलला लावला.

मग मतपत्रिका घेऊन आबा आडोशामागं वाकले. बराच वेळ गेला. पेनचा आवाज नाही, कागदाचा नाही. मग आतून शब्द आले.

"ह्यात माझं नाव न्हाय."

प्रतिनिधीला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात दडवलं. नवरा झटकन पुढं झाला, आबा, थांबा, मी दाखवतो, म्हणाला. आबांनी पुठ्ठ्यावरून मान वर केली. त्यांचा तसा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. सभेतला नव्हता तो, घरातला होता, मुलाला दरडावतानाचा.

"मतदान गुप्त असतंय. भायेर थांब."

नवरा आहे तिथं थांबला. अधिकारी बाईंनी त्याला आणि प्रतिनिधीला मागं सरकायला सांगितलं. मग लांबूनच आबांना सावकाश समजावलं, की तुमचं नाव या खेपेला यात नाही, जी आहेत त्यातलं एक निवडा, किंवा नको असेल तर कुणीच नको. आबांनी पुन्हा मान खाली घातली. खूप वेळानं त्यांनी कागदाची घडी केली, स्वतः लहान पाकिटात घातली, ते पाकीट मोठ्या पाकिटात घालून दोन्ही हातांनी बाईंच्या हाती दिलं. मग सगळ्या पथकाला नमस्कार केला आणि तुम्ही मंडळींनी चहा घेतला का, म्हणून विचारलं.

त्यांनी कुणाला मत दिलं, मला माहीत नाही. कागद कोरा ठेवला असेल, सगळ्यांपुढं खुणा केल्या असतील, पेनानं नुसती रेघ ओढली असेल. ज्याला आजचा वार सांगता येत नाही त्यानं मत द्यावं का, हा प्रश्न मलाही पडतो. पण त्या खोलीत त्यांच्या वतीनं ते मत टाकायला जी माणसं टपली होती त्यांच्यापेक्षा निवडणूक म्हणजे काय हे आबांनाच जास्त कळत होतं.

तो माणूस निवडून आला. निकालानंतर तिसऱ्या दिवशी गुलाल माखलेल्या माणसांसह आमच्या दारात हजर. पुढं दोन कॅमेरे. मी उंबऱ्यात उभी राहिले.

"वहिनी, आबांचा आशीर्वाद घ्यायचाय. दोनच मिन्टं," तो म्हणाला.

मी म्हटलं, या की. कॅमेरे बाहेर ठेवा आणि एकटे या. त्यांच्या आंघोळीची वेळ झाली आहे, तेवढी आंघोळ घाला, धोतर नेसवा आणि मग घ्या आशीर्वाद. तो हसला. मी चेष्टा करते आहे असं त्याला वाटलं.

रागात माझी भाषा पेठेतली होते. आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो' म्हणतात, तशी मी बोलले. "मी चेष्टा करत न्हाई. सात वर्सं ह्या घरात जेवलाय तुम्ही, म्हणून सांगतो. बापाला आणलंय म्हणून भाषणात बोलला न्हवं? मग बापाचं करा."

गल्लीतली माणसं गॅलरीत येऊन बघत होती. त्यानं एकदा कॅमेऱ्यांकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं. तालुक्याला कार्यक्रम आहे, पुन्हा निवांत येतो, म्हणाला आणि वळला. अजून आलेला नाही.

महापालिकेची सोडत निघाली तेव्हा आमच्या प्रभागात महिलांचं आरक्षण पडलं. नवरा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तोच प्रतिनिधी आला, या खेपेला माझ्याकडं. मला उभं करायचं म्हणत होता. आमदारांची सून, शिक्षिका, प्रभागात नाव चांगलं. तुम्हाला काही करावं लागणार नाही, सगळं साहेब बघतील, तुमचे फक्त फोटो द्या, असं त्यानं अगदी समजुतीनं सांगितलं. एवढं सगळं होऊनही मी हो म्हणेन असं त्यांना वाटलं, याचाच मला धक्का बसला. त्यांच्या लेखी आमच्या घरात माणसं नव्हतीच, फोटो होते. एक म्हाताऱ्याचा झाला, आता सुनेचा.

मी नाही म्हणून सांगितलं. नवऱ्यानं नंतर एकदा हळू आवाजात विचारलं, की नीट विचार केलास का. मी म्हटलं, उभं राहायचं असेल तर माझी मी राहीन, दहा सूचक गोळा करून. त्या माणसाच्या कागदावर नाही. पंधरा दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. मग एक दिवस मी बँकेतून घरी आले तर नवरा आबांची दाढी करत होता. एका हातानं हनुवटी धरून, दुसऱ्यानं जपून वस्तरा फिरवत. तेव्हापासून आबांचं सकाळचं सगळं तो करतो. आमचं भांडण मिटलं आहे असं मी म्हणणार नाही, पण आता घरात बोलणं आहे.

आबा आता फारसे उठत नाहीत. गेल्या आठवड्यात आणखी एका पक्षाच्या तालुकाध्यक्षाचा फोन आला. ज्येष्ठ लोकप्रतिनिधी म्हणून आबांचा सत्कार करायचा आहे, घरी येऊनच करू, शाल घालू, पाच मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, सत्कार त्यांना कळणार नाही आणि तुम्हाला तो करायचा नाही, फोटो हवा आहे. तो म्हणाला, की वहिनी, तुम्ही फार कडक बोलता. मी म्हटलं, होय. आणि फोन ठेवून आबांचा भात कालवायला गेले.